पेव

रविवारी मार्केट यार्डात सौदे नसतात,
तेव्हा गाळा आमचा.
चार पोती आडवी, वर फळी, फळीवर टॅबलेट
उताणा. त्यात एक तळघर.

हरिपूरच्या पेवावरून काढलंय मी ते:
तोंड माणूसभर, आत उतरलं की पोट सुटलेलं,
वाकून वर बघितलं तर आभाळ ताटलीएवढं.
पुरात बुजली त्यातली पुष्कळ.
माझं शाबूत आहे, दोन एमबीचं.
त्यावर काळं धुकं पसरून ठेवतो,
खेळणारे जेवढं चालतील तेवढंच बोटानं पुसतो.
बोट हळदीचं. काचेवर डाग राहतो,
आणि तंझीला दर वेळी विचारते,
"हा पिवळा राक्षस आहे, का तुझा अंगठा?"

तंझीला मुजावर, बँकेत कॅशिअर, इथं चोर.
सुकुमार अकिवाटे, दातांचा डॉक्टर, इथं परशू घेऊन पुढं.
प्रणिती पुण्याला गेली नोकरीला,
ती लोणच्याच्या बरणीला टेकवलेल्या मोबाईलमधून मंत्र टाकते
आणि नेट गेलं की तोंड उघडं ठेवून गोठते.
सुकुमार म्हणतो, शाप लागला,
आणि आम्ही तो शाप खरा धरून खेळतो.

फासे अॅपमध्ये.
वीस बाजूंचा खरा एक होता, निळा,
गेल्या मोसमात पोत्यात पडला
आणि राजापुरी हळदीबरोबर कुठल्या गावाला गेला
कोण जाणे. कुणाच्या तरी चक्कीत कडकड वाजला असेल.
तेव्हापासून काचेवर टिचकी मारायची,
आकडा थरथरतो, थांबतो.
जखमा अॅप मोजतं, पिशवीतलं सोनंही तेच.
बेरजा गेल्या, गप्पा वाढल्या,
एवढं मान्य करायला हवं.
पूर्वी एका लढाईला दोन चहा लागायचे.

शिदगोंडा अण्णा तोलाईचे, आता काम नाही तरी येतात.
दाराशी बसून बघतात.
एकदा एवढंच विचारलं,
"आकडा सगळ्यास्नी दिसतोय व्हय रं?"
दिसतो म्हटलं.
"मग त्यो सौदा कसला."

त्या रविवारी तंझीला पेवाच्या तळाशी होती.
कंदील आधी न सोडता उतरलेली.
(सांगितलं होतं तिला. तीनदा.)
आतली हवा वाईट, जीव उरलेला तीन,
समोर पहारेकरी, त्याच्याशी बोलणी.
फासा टाक म्हटलं.
तिनं बोट उचललं आणि टॅबलेट गेला.
यार्डात दुपारपासून लाईट नव्हती.
फळीवर काळी काच, तिच्यात आमची तोंडं,
आणि बरणीपाशी प्रणिती,
"काय झालं? सांगा की! मेली का?"

अण्णा उठले. खांद्यावरचा टॉवेल काढला.
"पोरी, हात आण."

टॉवेलखाली दोन हात.
असेच ठरायचे म्हणे भाव एके काळी,
कुठलं बोट धरलं की किती,
मूठ दाबली की किती,
मला येत नाही ती भाषा. वडिलांना येत होती.
अण्णा पहारेकरी झाले होते. कुणी सांगितलं नव्हतं.
आत उंदीर धरल्यासारखा टॉवेल हलला.
तंझीलानं मान हलवली, नाही.
परत हलला.
सुकुमारच्या हातात चहा तसाच.
प्रणिती गोठली होती, का नुसतीच गप्प होती.

"सुटली," अण्णा म्हणाले. टॉवेल झटकून खांद्यावर.
कितीला?
"त्ये इचारायचं नसतंय."

रात्री घरी चार्जिंगला लावला.
अॅप तिथंच उभं होतं: आकडा टाका.
रिकामा चौकोन, आत लुकलुकणारी रेघ.
तंझीलाला मेसेज केला, किती लिहू?
दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

मी तिला वर काढून ठेवली, पेवाच्या तोंडाशी,
धुकं थोडं पुसून.
चौकोन दर रविवारी विचारतो.
तिच्या पिशवीतलं काहीतरी कमी झालंय नक्की,
पुढच्या दारापाशी ती खिसा चाचपते
आणि थांबते,
पण अॅपमध्ये सोनं तेवढंच दिसतं.